छायाचित्रण : नजरेचा आणि स्वतःचा शोध

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांनी टिपलेल्या छायाचित्रांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तालुक्याच्या गावी बसस्थानकाच्या आसपास फोटो स्टुडिओचे एखादे दुकान असावयाचे आणि त्याच्या आतल्या पडद्यावर ताजमहाल, कमानीची खिडकी किंवा फुलदाणी रंगविलेली असावयाची, तो काळ येथे जमलेल्यांपैकी अनेकांनी पाहिला आहे. सर्वसामान्य कुटुंबाचा कॅमेऱ्याशी संबंध आयुष्यात तीन-चार वेळाच येत असे. लग्न झाल्यावर नवराबायकोचा जोडफोटो, शाळा सोडताना वर्गाचा फोटो, नोकरीच्या अर्जासाठी पासपोर्ट आकाराचा, आणि शेवटचा बहुधा त्याच पासपोर्ट फोटोवरून मोठा करून, हाताने रंग भरून, हार घालून भिंतीवर लावलेला. छायाचित्रकार काळ्या कापडाखालून ‘हलू नका’ असे सांगे आणि समोरचा माणूस श्वासही रोखून धरी. त्या चित्रात कपडे ठेवणीतले असत, घड्याळ प्रसंगी शेजाऱ्याचे असे आणि चेहऱ्यावरचा भाव कोणाचाच नसे.

आज परिस्थिती पालटली आहे. शेतावर जाणाऱ्या मजुराच्या खिशातही कॅमेरा आहे, कारण दूरध्वनी आणि कॅमेरा ही दोन यंत्रे एकाच डबीत आली आहेत. एका लग्नात आज जेवढी छायाचित्रे निघतात तेवढी पूर्वी एखाद्या गावाच्या दोन पिढ्यांत निघाली नसतील. तथापि स्टुडिओतील पडदा पुष्कळदा तसाच राहिला आहे. तो आता कापडाचा नाही इतकेच. इतरांनी जेथे उभे राहून फोटो काढला तेथेच उभे राहावयाचे, इतरांनी जशी मान कलती केली तशीच करावयाची, आणि चित्र क्षणात पाठवून विसरून जावयाचे. यंत्र हाती आले, परंतु त्या यंत्रातून स्वतःचे असे काही पाहिले गेले काय, हा प्रश्न मात्र अजून बहुतेकांनी स्वतःला विचारलेला नाही.

छायाचित्रण ही कला आपल्या प्रदेशाला नवी नाही. फ्रान्समध्ये दागेर याची पद्धत १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली आणि त्यानंतर अवघ्या १५ वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेचे सभासद होते. वैद्यकीचे शिक्षण घेतलेला हा गृहस्थ रसायनांशी परिचित होता, आणि त्या काळी छायाचित्रण म्हणजे निम्मे रसायनशास्त्रच होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली या विषयाचा वर्गही सुरू झाला. मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्या आधीच मुंबईत छायाचित्रण शिकविले जात होते, ही गोष्ट शिक्षकवर्गाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

छायाचित्रकार काही निर्माण करीत नाही, जे समोर आहे तेच यंत्र उमटविते, असा एक जुना आक्षेप आहे. चित्रकार रंग कालवितो, कवी शब्द निवडतो. येथे मात्र भिंग आणि प्रकाश सगळे काम करतात, मग त्यात माणसाचे स्वतःचे ते काय? या आक्षेपाचे उत्तर द्यावयास फार तत्त्वज्ञान लागत नाही. एकाच वडाच्या पाराचे चित्र दहा जणांना काढावयास सांगावे. कोणी पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांकडे वळेल, कोणी पारंब्यांकडे, कोणी पाराजवळ न येता लांबून पाण्याचा हंडा घेऊन जाणाऱ्या बाईकडे. एखादा मुलगा जमिनीवर बसून टिपेल, एखादा अधिकारी उभ्याने आणि थोडे वरून. कोठे उभे राहिलो, कोणत्या उंचीवरून पाहिले, कोणत्या क्षणी बोट दाबले आणि चौकटीच्या बाहेर काय टाकले, या चार निर्णयांत माणूस स्वतःविषयी बरेच सांगून जातो. बहुधा त्याला स्वतःला ते ठाऊक नसते. महिनाभर टिपलेली चित्रे एका टेबलावर मांडली की मग ते दिसू लागते. आपण माणसांच्या जवळ जात नाही, पाठमोरेच टिपतो. किंवा आपल्या चित्रात घरातली बाई कधीच येत नाही. किंवा आपल्याला रिकाम्या जागाच आवडतात. अशी ओळख आरशातून होत नाही.

हे सर्व एका व्यक्तीच्या चरित्रातून फार चांगले उलगडते, यास्तव त्या चरित्राकडे सविस्तर वळणे उचित होईल. भारतातील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचा उल्लेख होतो त्या श्रीमती होमाई व्यारावाला यांचे हे चरित्र होय.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातेतील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील फिरत्या पारशी नाटक कंपनीत नट होते. म्हणजे घरात पैसा बेताचा आणि बिऱ्हाड अस्थिर. पुढे कुटुंब मुंबईस आले आणि होमाईंचे शिक्षण तेथेच झाले. मॅट्रिकच्या वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि सर ज. जी. कला विद्यालयात कलाशिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांची मानेकशा व्यारावाला यांच्याशी ओळख झाली. मानेकशा स्वतःच्या प्रयत्नाने छायाचित्रण शिकलेले होते. त्यांनी होमाईंच्या हाती कॅमेरा दिला आणि डार्करूममधील कामही शिकविले. पुढे दोघे विवाहबद्ध झाले.

ज. जी. मधील शिक्षण या ठिकाणी महत्त्वाचे आहे. चौकटीत वस्तू कोठे ठेवावी, रिकामी जागा किती सोडावी, उजेड कोणत्या बाजूने घ्यावा, याचे वळण त्यांना चित्रकलेने दिले. त्याखेरीज जुन्या बाजारात मिळणारे ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकाचे अंक त्या पाहत. त्यांची आरंभीची चित्रे पाहावी : सहाध्यायी मुली, स्त्रियांची सहल, मुंबईतील रस्त्यावरचे नित्याचे जीवन. सहलीची चित्रे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने प्रसिद्ध केली आणि प्रत्येक चित्रामागे एक रुपया दिला. एका विद्यार्थिनीच्या दृष्टीने तो रुपया लहान नव्हता. त्या चित्रांतील तरुणी कॅमेऱ्याकडे पाहून लाजत नाहीत आणि ताठही होत नाहीत. त्या आपापल्या कामात किंवा हास्यविनोदात दंग आहेत. छायाचित्र घेणारी त्यांच्यातलीच एक असल्याशिवाय असे चित्र मिळत नाही, आणि त्या काळी मुंबईतल्या कोणा पुरुष छायाचित्रकाराला ते मिळालेही नसते.

‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’मध्ये होमाईंची चित्रे छापून येऊ लागली तेव्हा मात्र त्यांखाली नाव मानेकशांचे असे. स्त्री, तीही अपरिचित. तिच्या नावावर चित्रे छापण्याची रीत नव्हती. नजर एकीची आणि नाव दुसऱ्याचे, अशी ही वर्षे गेली. मानेकशांनी हे कपटाने केले असे मुळीच नाही. पत्नीला या व्यवसायात आणणारे आणि तिच्या पाठीशी उभे राहणारे तेच होते. काळाचीच ती चाल होती. परंतु अभिव्यक्ती, अभिव्यक्ती असे आपण म्हणतो तेव्हा तिच्याखाली स्वतःचे नाव लिहिता येणे हा तिचा किती मोठा भाग असतो, ते अशा प्रसंगी कळते.

दुसरे महायुद्ध चालू असता १९४२ मध्ये दोघे दिल्लीस गेले आणि ब्रिटिश माहिती खात्याच्या सेवेत रुजू झाले. पुढची जवळजवळ तीन दशके होमाई दिल्लीत होत्या. साडी नेसलेली, सायकलीवर कॅमेऱ्याचे जड सामान बांधून निघालेली ही बाई लोकांना विचित्र वाटे. ही काहीतरी मिरवीत असावी, गंमत करीत असावी, असे समजून कोणी तिच्याकडे गंभीरपणे पाहत नसे. मात्र तोच आपला फायदा ठरला असे त्या पुढे सांगत. जेथे इतरांना अडविले जाई तेथे त्यांना कोणी अडवीत नसे. ज्या कारणाने माणसाला हलके लेखले जाते त्याच कारणाने त्याला एखादी मोकळी वाट मिळावी, हा अनुभव ग्रामपंचायतीत पहिल्यांदा निवडून आलेल्या अनेक भगिनींना ओळखीचा वाटेल.

त्या ज्या यंत्रांवर काम करीत त्यांविषयी थोडे सांगणे अस्थानी होणार नाही. रोलिफ्लेक्स हा दोन भिंगांचा कॅमेरा. वरच्या भिंगातून पाहावयाचे, खालच्यातून चित्र घ्यावयाचे. तो डोळ्याला न लावता छातीच्या किंवा कमरेच्या उंचीवर धरतात आणि मान खाली घालून वरच्या दुधी काचेत पाहतात. काचेत प्रतिमा दिसते ती डावी-उजवी उलटी. म्हणजे छायाचित्रकार समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभा नसतो. तो लवलेला असतो. त्यामुळे समोरचा माणूस सैल राहतो. या कॅमेऱ्याच्या एका रोलवर १२ चित्रे निघत. दुसरा कॅमेरा स्पीड ग्राफिक. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांचा तो जुना सोबती. त्यात चार इंच बाय पाच इंच आकाराची सुटी फिल्म घालावी लागे आणि एका चौकटीत दोनच फिल्म राहत. एक चित्र घेतले की चौकट काढून उलटी करावयाची, मग दुसरे. झगमगाटासाठी वापरावयाचा दिवा एकदाच पेटे आणि बाद होई.

अशा साधनांवर काम करणाऱ्याला मनात आधी ठरवावे लागते. समारंभ दोन तासांचा, हाती चित्रे मोजकी. कोणता क्षण घ्यावयाचा? होमाई वाट पाहत. नेता भाषणाला उभा राहिला म्हणजे सर्वजण चित्र घेत. त्या भाषण संपून तो खाली उतरताना, कोणाशी हसून बोलताना घेत. दिल्लीच्या विमानतळावर पंडित नेहरू आपल्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित यांची वाट पाहत उभे होते. शेजारीच छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई असल्याची पाटी होती. होमाईंनी पंडितजी आणि पाटी या दोघांनाही एका चौकटीत घेतले. या एका चित्रात छायाचित्रकर्तीचा स्वभाव जसा दिसतो तसा तो तिच्या मुलाखतींतूनही दिसत नाही : किंचित खट्याळ, निर्भय, परंतु समोरच्या माणसाची अप्रतिष्ठा होऊ न देणारा.

३ जून १९४७ च्या सुमारास फाळणीचा निर्णय झाला त्या बैठकीची, १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर ध्वज उभारला गेला त्या सोहळ्याची, माउंटबॅटन यांच्या प्रयाणाची, गांधीजींच्या अंत्ययात्रेची त्यांनी घेतलेली चित्रे आज राष्ट्राच्या स्मृतीचा भाग झाली आहेत. १९५६ साली दलाई लामा सिक्कीममार्गे भारतात आले तेव्हाही त्या हजर होत्या. या सर्वांत एक न घेतलेले चित्रही आहे आणि त्याची खंत त्यांना अखेरपर्यंत राहिली. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेकडे निघाल्या होत्या. मानेकशांनी त्यांना माघारी बोलाविले. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जावे असे ठरले. तो दुसरा दिवस आला नाही.

पंडितजी हा त्यांचा सर्वांत आवडता विषय. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा आवडते खेळणे हरवलेल्या मुलासारखे आपल्याला वाटले आणि इतर छायाचित्रकारांपासून तोंड लपवून आपण रडलो, असे त्यांनी सांगितले आहे. कॅमेरा माणसाला प्रसंगापासून दूर ठेवतो असे म्हणतात. सतरा वर्षे एका चेहऱ्याकडे काचेतून पाहिल्यावर काय होते, त्याचे हे उत्तर आहे.

वृत्तछायाचित्रांच्या जगात त्या ‘डालडा १३’ या नावाने ओळखल्या जात. जन्मवर्ष १९१३, मानेकशांची भेट तेराव्या वर्षी, आणि त्यांच्या पहिल्या मोटारीचा क्रमांक डी. एल. डी. १३, यावरून हे नाव त्यांनी स्वतःच घेतले. एके काळी पतीच्या नावाने चित्रे छापून येणाऱ्या स्त्रीने आपले नाव असे गमतीने आणि स्वतःच्या मर्जीने ठेवावे, यात एक वेगळाच आनंद आहे.

मानेकशांच्या मृत्यूनंतर, १९७० मध्ये, त्यांनी छायाचित्रण थांबविले. त्या वेळी त्या ५६ वर्षांच्या होत्या; हात थकला नव्हता, कामही कमी झाले नव्हते. कारण त्यांनी स्पष्ट सांगितले. पूर्वी छायाचित्रकारांच्या वागण्याला काही नियम असत, पेहेरावालाही असे, एकमेकांचा मान ठेवला जाई. नव्या पिढीत झटपट पैसा मिळविण्याची घाई दिसू लागली. त्या गर्दीत आपल्याला राहावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले आणि पुढची चाळीस वर्षे कॅमेरा व्यवसायासाठी हाती धरला नाही. मुलाबरोबर प्रथम पिलानी आणि नंतर बडोदे येथे त्या राहिल्या. १९८९ साली मुलाचेही निधन झाले. त्यानंतर त्या एकट्याच राहत. बाग करीत, सुतारकाम करीत, नळ दुरुस्त करीत, फुलांची रचना करीत. अनेकांना हा निर्णय चुकीचा वाटतो, आणि इतिहासाच्या दृष्टीने पाहता तो नुकसानीचा होता हे नाकारता येणार नाही. आणीबाणीच्या काळातील दिल्ली त्यांच्या नजरेतून पाहावयास मिळाली असती तर? परंतु ज्या माणसाला कॅमेऱ्याने स्वतःची ओळख करून दिली त्यालाच तो खाली ठेवण्याचा अधिकार पोहोचतो. कीर्तीसाठी चित्र काढणाऱ्याला असे थांबता येत नाही.

२००६ मध्ये सबीना गडिहोके यांनी त्यांचे सचित्र चरित्र लिहिले. २०१० साली त्यांच्या चित्रांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे गेला आणि मोठे प्रदर्शन भरले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. १५ जानेवारी २०१२ रोजी बडोदे येथे त्यांचे देहावसान झाले.

होमाई जगाकडे पाहत होत्या. दुसरे एक गृहस्थ आयुष्यभर स्वतःकडेच पाहत राहिले. ते म्हणजे सरदार उमरावसिंग शेरगिल, चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील. पंजाबातील मजिठिया घराण्यात १८७० मध्ये जन्मलेले हे संस्कृत आणि फारसीचे अभ्यासक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ते स्वतःची व कुटुंबाची चित्रे घेत राहिले. कधी फेटा बांधलेले सरदार, कधी पुस्तकांत बुडालेले पंडित, कधी उपवासाने कृश झालेले, उघड्या अंगाचे योगी. ही चित्रे त्यांनी प्रदर्शनात मांडली नाहीत आणि विकलीही नाहीत. १९५४ मध्ये ते वारले आणि रसिकांचे त्यांकडे खरे लक्ष गेले ते त्यानंतर अनेक दशकांनी. आजचा तरुण दिवसातून दहा वेळा स्वतःची छबी टिपतो त्याहून हे निराळे कसे, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उमरावसिंगांना चांगले दिसावयाचे नव्हते, आपण कोण आहोत ते पाहावयाचे होते. एवढे तरी त्या चित्रांवरून निश्चित वाटते. त्या चित्रांत ते फारसे हसत नाहीत.

येथवर ज्यांचा उल्लेख झाला त्यांना शिक्षण मिळाले होते, साधने मिळाली होती. ज्यांना ती मिळत नाहीत त्यांचे काय? या संदर्भात अमेरिकेतील वेंडी युअल्ड या शिक्षिकेचे काम येथील शिक्षकांना विशेष उपयोगी वाटेल. १९७५ च्या सुमारास केंटकी राज्यातील कोळसाखाणींच्या डोंगराळ मुलखात त्या मुलांना छायाचित्रण शिकवू लागल्या. मुलांच्या हाती साधे, स्वस्त कॅमेरे असत, आणि फिल्म धुण्याचे व चित्रे छापण्याचे काम मुले स्वतः करीत. विषय क्रमाने दिले जात : आधी स्वतः, मग कुटुंब, मग गाव, आणि शेवटी स्वप्न. स्वप्नाचे छायाचित्र कसे काढावयाचे, असे मोठ्या माणसाने विचारले असते. मुलांनी विचारले नाही. एका मुलाने आपल्या जिवलग मित्राला झाडाच्या बेचक्यात मेल्यासारखे पडून राहावयास सांगितले आणि ते चित्र घेतले, कारण आपण त्याला मारले असे स्वप्न त्याला पडले होते. हे भय त्याने बोलून दाखविले असते काय याची शंकाच आहे. या मुलांचे पुस्तक १९८५ मध्ये निघाले. त्यानंतर युअल्ड यांनी गुजरातेतील विछिया या गावीही मुलांबरोबर असेच काम केले आणि १९९६ मध्ये त्याचेही पुस्तक झाले. बाहेरून येणारा छायाचित्रकार आपल्या गावात काय टिपतो ते सर्वांना ठाऊक आहे : बैलगाडी, फेटा, म्हातारीच्या सुरकुत्या. गावातल्या मुलाला सुरकुत्यांचे काही विशेष वाटत नाही. ती त्याची आजी असते.

मुंबईत सुधारक ओलवे यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल चित्रे घेतली, तीही येथे आठवतात. शहर जेथे नाक मुठीत धरून निघून जाते तेथे हा छायाचित्रकार थांबला, कामगारांच्या घरापर्यंत गेला. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. चित्रे पाहणाऱ्याला कामगार दिसतात, आणि त्यांच्या इतक्या जवळ जाऊ दिला गेलेला एक माणूसही दिसतो.

आता आपल्या दारातल्या छायाचित्रांकडे वळावयास हरकत नाही. शासकीय कामकाजात आज छायाचित्राला पुराव्याचे स्थान आले आहे. घरकुलाच्या जोत्याचे चित्र, नालाबांधाचे चित्र, वृक्षारोपणाचे चित्र. त्यावर स्थळ आणि वेळ यांची नोंद. हे आवश्यक आहे, त्याने कामात चोखपणा येतो, आणि त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण समारंभाची चित्रे पाहावीत. धनादेशाचे एक टोक पाहुण्यांच्या हातात, दुसरे लाभधारक भगिनीच्या हातात, आणि मंडपातील सर्वजण कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. ती भगिनी तेवढी कोणाकडे पाहावे ते न कळून खाली पाहते आहे. अशी शेकडो चित्रे कचेऱ्यांच्या फायलींत आहेत. रोप लावणाऱ्या हातांऐवजी रोपाभोवतीची गर्दी टिपली जाते. तीच भगिनी दुसऱ्या दिवशी शिलाई यंत्रावर बसते तेव्हा मात्र तेथे कोणी नसते. प्रसिद्धीचे काम करणाऱ्यांनी होमाई व्यारावालांची चित्रे एकवार निरखून पाहावीत ती याचसाठी. त्याही शासकीय माहिती खात्याच्याच नोकरीत होत्या.

आणखी एक गोष्ट. गावातील बहुतेक चित्रे पुरुष घेतात. घरात दूरध्वनी एक असेल तर तो पुरुषाकडे असतो, आणि मुलीने बाहेर कॅमेरा रोखला तर चार जण काय म्हणतील याची धास्ती अजून गेलेली नाही. परिणामी गावाची जी प्रतिमा चित्रांतून उभी राहते ती चावडी, पार, बैलपोळा आणि निवडणुकीची मिरवणूक यांची असते. पाणवठा, परसदार, निवडणे-टिपणे, दुपारच्या वेळी ओट्यावर बसलेल्या बायका हे सारे तिच्यात नसते. असते तेव्हा लांबून घेतलेले असते.

यासाठी फार खर्चाची योजना लागत नाही. आठवी-नववीच्या वर्गात हा उपक्रम शिक्षकांनी करून पाहावा. शाळेतील किंवा शिक्षकाचा एक दूरध्वनी आठवड्यासाठी एका मुलाकडे द्यावा, पुढच्या आठवड्यात एका मुलीकडे. अट एकच की चित्रे १२ च घ्यावयाची. रोलिफ्लेक्सच्या रोलएवढी. तेरावे घेतले तर आधीचे एक पुसावे लागेल. म्हणजे कोणते ठेवावे याचा विचार मुलाला करावा लागेल, आणि सारा अभ्यास त्या विचारातच आहे. ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याला आधी विचारावे आणि नको म्हटले तर थांबावे, हेही याच वयात शिकविता येते. विषय देताना ‘निसर्गसौंदर्य’ देऊ नये. सूर्यास्ताची बारा चित्रे येतील. ‘घरात सर्वांत आधी कोण उठते’ असा विषय द्यावा. ‘आमच्या घरी न बसणारा माणूस’ असा द्यावा.

चित्रे आल्यावर शिक्षकाने गुण देण्याची घाई करू नये. बारा चित्रे ओळीने मांडून मुलालाच विचारावे की यात पुन्हा पुन्हा काय आले आहे. पहिल्यांदा मुले काही सांगत नाहीत. थोडा वेळ गेला की एखादा म्हणतो, सगळ्या चित्रांत दार आले आहे. किंवा, आईचे हात आले आहेत, तोंड एकातही नाही. पुढचे काम तेथून सुरू होते.

ही चित्रे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा शाळेच्या व्हरांड्यात दोरीला टाचून लावता येतील. कागदावर छापून घेण्याचा खर्च ग्रामपंचायतीला सोसवणारा आहे. गावाने ती पाहावीत. रस्त्याचा खड्डा, नळाची रांग, ओस पडलेली विहीर त्यांत आपसूक येतील आणि पंचायत सदस्यांना कदाचित काही नव्याने दिसेलही. प्रत्येक चित्राखाली ज्याने किंवा जिने ते घेतले त्याचे पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत लिहावे. शाळेचे, उपक्रमाचे आणि पाहुण्यांचे नाव खाली, लहान अक्षरांत चालेल.